कॅप्टनच्या मानेतला बग

लग्नाच्या पंगतीत बसले की मी आधी मठ्ठ्यात मीठ कमी आहे हे सांगते आणि मग यजमानांना नमस्कार करते. नवरा म्हणतो, "नोकरी सुटली, खोड काही सुटली नाही." खरं आहे त्याचं. एकतीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टर होते.

म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण माझ्या सासूबाईंनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. "सूनबाई कॉम्प्युटर तपासते," असं त्या शेजारणींना सांगायच्या, जसं काही मी त्याचं ब्लडप्रेशरच बघते. तर, प्रोग्रॅम लिहितात दुसरे. तो गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी आम्ही तो मोडायचा प्रयत्न करतो. उलटसुलट बटणं दाबायची, जिथे आकडा हवा तिथे नाव टाकायचं, नको तेव्हा नको ते करायचं. मोडला की आनंद! मग लिहायचं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. हा बग रिपोर्ट. त्यावर 'ओपन' असा शिक्का. लिहिणारा दुरुस्ती करतो आणि "झालं" म्हणून सांगतो, पण 'क्लोज्ड' लिहिण्याचा अधिकार फक्त टेस्टरचा. आमच्या धंद्यात सत्ता काय ती एवढीच. आणि नाचक्की म्हणाल तर तीही एकच. आपण ऐटीत रिपोर्ट द्यावा आणि त्यावर उत्तर यावं, 'हा बग नाही'. असं उत्तर आलं की मी दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलत नसे.

दोन हजारच्या आगेमागे निम्मं पुणं जपानला निघालं होतं. कोथरूडच्या क्लासमध्ये जपानी शिकायचं आणि विमानात बसायचं. बहुतेकांना तोक्यो मिळालं, ओजिमाच्या सरकारी इमारतींमधून मराठी बिऱ्हाडं थाटली गेली. आम्हाला कोबे मिळालं. मला एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं काम होतं, नवऱ्याला दुसऱ्या कंपनीत, आणि मुलगी ईशा सात वर्षांची. सहा महिन्यांत ती माझ्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायला लागली आणि कचरा वेगळा कसा करायचा हे आम्हा दोघांना शिकवायला लागली.

जपानी माणूस चूक कशी सांगतो हे मला तिथे कळायला हवं होतं. संधी चिक्कार होत्या. पहिल्याच वर्षी मी एक मस्त बग पकडला. तिथे जन्माचं साल सम्राटाच्या कारकिर्दीवरून लिहितात. आमच्या प्रोग्रॅममध्ये कारकीर्द चुकीची निवडली तरी तो मुकाट्याने घेत असे, त्यामुळे शहात्तर वर्षांच्या एका आजी कागदोपत्री पुढच्या वर्षी जन्माला येणार होत्या. मी भर मीटिंगमध्ये ते हसत हसत सांगितलं. कुणीही हसलं नाही. ज्याने तो भाग लिहिला होता तो उठला, कमरेत वाकला आणि तसाच राहिला. मला वाटलं, किती नम्र माणसं ही! धडा काही मी घेतला नाही.

आता कितामुरा-सान. सान म्हणजे आपलं 'जी'. कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागात ते होते. चौतीस वर्षांचे, खांदे दाराएवढे, आवाज मात्र बालवाडीच्या बाईंसारखा. आमचा प्रोग्रॅम त्यांच्या विभागासाठीच होता, म्हणून ते रोज माझ्या टेबलाशी यायचे. कागद द्यायचा असला तरी आधी मान हलकीच लववायची, मग द्यायचा. चहाचा कप, पेन, स्टेपलर, काहीही. सुरुवातीला मीही दर वेळी मान लववायचे. मग मान दुखायला लागली.

हे गृहस्थ कंपनीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कॅप्टन आणि क्वार्टरबॅक आहेत, हे मला चार महिन्यांनी कळलं. जपानात हा खेळ कंपन्यांच्या टीम खेळतात. दिवसा फायली, संध्याकाळी सराव. खेळ मी माझ्या भाषेत सांगते. चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा. चार संधींत दहा पावलं पुढे जायचं, गेलात तर आणखी चार संधी, असं करत करत समोरच्याचं टोक गाठायचं; गाठलं की सहा गुण. प्रत्येक संधीला चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, आणि समोरचे ती भिंत फोडून त्याला आडवा करायला येतात. डाव सहसा आधीच ठरलेला असतो; तीन सेकंदांत त्याने तो साधायचा, स्वतः चेंडू घेऊन पळायचं किंवा डावी-उजवीकडे धावणाऱ्या कुणाकडे लांब फेकायचा. चुकलं की चेंडू समोरच्यांचा.

कितामुरा-सान उत्तम खेळायचे. त्यांच्या जोरावर टीम तीनदा फायनलला गेली होती, आणि तिन्ही वेळा एकाच तोक्योच्या टीमकडून हरली होती. इतर सगळ्यांशी जिंकायचं आणि यांच्यापुढे गेलं की फेकलेला चेंडू नेमका त्यांच्याच माणसाच्या हातात. त्यांच्या गावी, सेंदाईला, वडिलांचं माशाच्या वड्यांचं जुनं दुकान होतं. वडिलांचे गुडघे गेले होते. हा हंगाम संपला की नोकरी सोडून, खेळ सोडून दुकानात उभं राहायचं, असा शब्द त्यांनी वडिलांना दिला होता. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. सोळा वर्षं खेळलेला माणूस, आणि नावापुढे तीन उपविजेतेपदं.

त्या वर्षी टीमचं व्हिडिओ बघून टिपणं काढणारा मुलगा दुसऱ्या शाखेत बदलून गेला. कितामुरा-सान माझ्या टेबलाशी आले, मान लववली, आणि म्हणाले, "बापट-सान, तुमची वही मी पाहतो. तुम्ही प्रत्येक गोष्ट लिहिता. आमच्या कॅसेट बघाल का?"

मी म्हटलं, "मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले.

रविवारी दुपारी नवरा आणि ईशा बागेत गेले की मी कॅसेट लावायचे. आख्खा हंगाम मी तोक्योवाल्यांची टिपणं काढली. टीम पुन्हा फायनलला पोचली. समोर पुन्हा तेच. दोन आठवडे राहिले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, आपण दुसऱ्याचा माल तपासतोय! टेस्टर आधी आपल्या घरचा माल तपासतो. मी जुन्या तिन्ही फायनल काढल्या आणि फक्त कितामुरा-सानकडे बघत बसले. चेंडू हातात येण्याआधी त्यांच्या हेल्मेटकडे. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

तासाभरात सापडलं. फेकायचं असेल तेव्हा हेल्मेट कळेल न कळेल इतकं खाली जायचं, आणि ज्या बाजूच्या गड्याला चेंडू मिळणार त्या बाजूला. स्वतः घेऊन धावण्याचा डाव असेल तेव्हा नाही. माणूस चेंडू देण्याआधी घेणाऱ्याला मान लववत होता! आणि तोक्योवाल्यांचा मागे उभा असलेला एक गडी नेमकं त्या हेल्मेटकडे बघून आधीच त्या बाजूला पळत सुटायचा.

मी किती खूश झाले म्हणून सांगू! टाळ्या वाजवल्या एकटीने. रात्रीचा स्वयंपाक नवऱ्यावर टाकला आणि रिपोर्ट लिहायला बसले. व्यवस्थित, आमच्या नमुन्यात. दोषाचं ठिकाण: कॅप्टनची मान. तीव्रता: क्रिटिकल. स्थिती: ओपन. बुधवारच्या टीम मीटिंगला पन्नास प्रती काढून नेल्या आणि स्वतःच्या हाताने वाटल्या. मग पुढे उभी राहून व्हिडिओ दाखवला. "बघा, मान गेली. बघा, पुन्हा गेली."

खोलीत पन्नास तगडे पुरुष, आणि प्रत्येकाची नजर हातातल्या कागदावर. कोच म्हणाले, "विचार करू." तेवढं जपानी मला कळत होतं, याचा अर्थ विषय संपला. कितामुरा-सान उठले, मला वाकून नमस्कार केला, कागदाची चार पदरी घडी घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कागद दुसऱ्या कुणाच्या हाती यायचे. मग हिरानो मला कॅन्टीनमध्ये भेटला. हा टीममधला सर्वांत चपळ, चेंडू झेलणारा. खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मान लववतात ते. मी आलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस रे बाबा? तीन फायनल गेल्या की!"

तो गोंधळला. "ते कॅप्टन आहेत. आणि ती मान... त्यांच्या वडिलांच्या दुकानातली आहे. लहानपणी काउंटरमागे उभं करून शिकवलेलं. कुणाच्या हातात काही द्यायचं तर आधी मान लववायची. ते आम्हाला नमस्कार करतात, बापट-सान. तो बंद करा, असं आम्ही कसं म्हणणार?"

मी ताट बाजूला सारलं. मी एका माणसाच्या बापाची शिकवण घेतली होती आणि तिच्यावर 'क्रिटिकल' लिहून पन्नास जणांत वाटली होती.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, निदान एकट्याला बाजूला घेऊन सांगायचंस!" ईशा चित्र रंगवत होती. वर न बघता तिने जपानीत सुनावलं, "आमच्या बाईसुद्धा चूक सगळ्यांसमोर सांगत नाहीत. कानात सांगतात." सात वर्षांच्या पोरीला कळतं ते मला कळलं नव्हतं. रडू आलं मला. चूक सापडली होती ती खरी होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण खरं बोलले म्हणून मी कधी इतकी ओशाळले नव्हते.

शनिवारी सकाळी मी सरावाच्या मैदानावर गेले. माफीच्या वेळी तिथे मिठाईचा डबा न्यायची पद्धत आहे; मी रात्री शंकरपाळे तळले होते. कितामुरा-सान एका कडेला एकटेच फेकत होते, आणि चेंडू कुठल्या कुठे जात होते. एक जाळीत, एक गटारात, एक माझ्या पायाशी. मी डबा पुढे केला आणि मान लववली, चांगली खाली. म्हटलं, "सगळ्यांसमोर सांगितलं, फार चुकलं माझं."

त्यांनी डबा घेतला. "तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तीन दिवस मी मान रोखून फेकतोय. मान लववली नाही तर हात सुटतच नाही."

मग आम्ही कडेच्या बाकावर शंकरपाळे खात बसलो. आठ दिवस राहिलेले. मी आमच्या धंद्यातलं सांगितलं, की वेळ कमी असेल आणि बग काढता येत नसेल तर आम्ही त्याला वळसा घालतो. "चुकीच्या बाजूला मान लववा. डावीकडे लववून उजवीकडे फेका. त्यांची पुरती फजिती!"

ते म्हणाले, "ज्याला द्यायचं नाही त्याला मान लववायची? ते खोटं होईल. ते मी करणार नाही."

मला राग आला. मी म्हणाले, "अहो, सोळा वर्षं गेली तुमची! शेवटची मॅच आहे! समोरचे तुमच्या नमस्काराचा फायदा घेतात आणि तुम्ही खरं-खोटं कसलं करता?" माझं जपानी रागात तुटकं व्हायचं, त्यामुळे बरंचसं मराठीतच बोलले असणार. ते शांतपणे शंकरपाळे खात राहिले.

समोर मैदानात ते पाच भिंतवाले सराव करत होते. धडाधड एकमेकांवर आदळत, उठत, पुन्हा आदळत. त्यांच्याकडे बघून मी सहज विचारलं, "यांना कधी चेंडू मिळतो का?"

"नाही. नियमच तसा आहे. ते फक्त मला वाचवतात."

"म्हणजे यांना तुम्ही कधीच मान लववली नाहीत?"

त्यांचा हात डब्यातच थांबला.

"पण त्यांना दिसणार नाही," ते अखेर म्हणाले. "त्या वेळी त्यांची पाठ माझ्याकडे असते."

"आमचा क्रिकेटपटू मैदानात शिरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. जमिनीला कुठे डोळे असतात? आणि तुम्ही नाही का आत जाताना मैदानाला वाकत?"

ते उठले. मला वाटलं, झालं, परत दुखावलं मी याला. पण ते मैदानात गेले, त्या पाचांच्या मागे उभे राहिले आणि मान लववली, सावकाश, अगदी समोर. मग हिरानोला हाक मारून फेकला. चेंडू सरळ त्याच्या छातीत.

नंतरचे आठ दिवस तोच सराव चालला. फेकायचं असो वा धावायचं असो, प्रत्येक डावाआधी पुढच्या पाच पाठींना मान. कोचनी फक्त एवढंच बजावलं की झटका नको, चेंडू येण्याआधी कुणी झटक्यात हललं तर पंच शिट्टी मारतात. त्या पाचांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण सांगायला कशाला हवं, कळतंच ते. त्यांच्यातला सर्वांत दांडगा, ज्याला मान अशी नव्हतीच, तो एकदा मागे वळून म्हणाला, "कॅप्टन, पाठीला गुदगुल्या होतात." सगळे हसले. बुधवारनंतर पहिल्यांदा.

फायनलला मला स्टँडमध्ये वरच्या रांगेत बसवलं होतं, वहीसकट. शेजारच्या खुर्चीवर एक वाळके, ताठ म्हातारे गृहस्थ, गुडघ्यांवर दोन्ही हात. कितामुरा-सानचे वडील. दुकान बंद ठेवून सेंदाईहून आले होते. सोळा वर्षांत मुलाची मॅच त्यांनी कधी पाहिली नव्हती. रविवारी दुकान चालू असतं, म्हणाले.

पहिला डाव. कितामुरा-सान पाचांच्या मागे गेले, मान लववली. म्हातारबाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तो कुणाला मान लववतोय?"

"पुढच्या पाच जणांना. ते त्यांचं रक्षण करतात."

"आधी नव्हता लववत?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. "फार उशीर केला."

मी म्हटलं, घ्या! याला म्हणतात बाप.

तोक्योवाल्यांचा तो मागचा गडी पहिल्या अर्ध्यात सैरभैर झाला होता. हेल्मेटकडे बघायचा, वाट बघायचा, आणि काही कळेना की चुकीच्या बाजूला धावायचा. पण टीम म्हणून ते तगडेच. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा आपण चार गुणांनी मागे. टोकाला पंधरा पावलं. तीन संधी वाया गेल्या. एकदा भिंत फुटली आणि कितामुरा-सान असे आपटले की माझी पेन्सिल मोडली. त्या दांडग्याने त्यांना बखोटीला धरून उभं केलं.

चौथी संधी. हुकली तर संपलं. मॅचही आणि सोळा वर्षंही. सगळं स्टँड उभं. म्हातारबाबाही उभे, गुडघ्यांची पर्वा न करता. कितामुरा-सान आपल्या जागी गेले. अशा वेळी घाईत माणूस काय काय विसरतो! मी मनात म्हणतेय, मान लववा हो, मान लववा. लववली. तितकीच सावकाश. शेजारी म्हातारबाबांचीही मान हलली.

चेंडू मागे आला. पाचही जण तसूभर हलले नाहीत. तो दांडगा तर दोघांना अंगावर घेऊन उभा होता. तीन सेकंद झाले, चार झाले. असा वेळ कितामुरा-सानला कुणी कधी दिला नव्हता. तोक्योवाल्यांच्या त्या मागच्या गड्याने शेवटी धीर सोडून उजवी बाजू धरली, आणि चेंडू गेला डावीकडे. हिरानोने तो उडी मारून छातीशी घेतला आणि रेषेपलीकडे गडाबडा लोळला.

जिंकलो! मी वही हवेत फेकली. ती खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडली, त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. मी मराठीत किंचाळत होते आणि शेजारच्या म्हातारबाबांचे दोन्ही हात धरून नाचत होते. ते नाचत नव्हते, पण हातही सोडवून घेत नव्हते.

खाली सगळे कॅप्टनला उचलायला धावले. त्यांनी उचलू दिलं नाही. आधी ते त्या पाचांसमोर जाऊन उभे राहिले. या वेळी पाठीमागे नाही, समोर. आणि कमरेपासून वाकले. पाचही जण लहान मुलांसारखे रडायला लागले.

अर्ध्या तासाने ते वर आमच्या रांगेत आले. गालावर माती, नाकाशी सुकलेलं रक्त. वडिलांना म्हणाले, "सोमवारपासून दुकानात येतो." वडील म्हणाले, "मंगळवारी ये. सोमवारी झोप."

मग ते माझ्याकडे वळले. पायमोज्यातून त्यांनी चार पदरी घडीचा, घामाने भिजलेला कागद काढला. माझाच रिपोर्ट. मान लववली आणि माझ्या हातात दिला. "हे अजून ओपन आहे," म्हणाले. "टेस्टरशिवाय बंद होत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

मी मोडक्या पेन्सिलीचं टोक घेतलं. 'क्रिटिकल' खोडलं. 'ओपन' खोडलं. 'क्लोज्ड' लिहायला हात नेला आणि थांबले. मग लिहिलं ते मी एकतीस वर्षांत स्वतःच्या रिपोर्टवर एकदाच लिहिलं आहे: 'हा बग नाही.' खाली सही केली, मान लववली, आणि कागद त्यांच्या हातात परत दिला.